'नुसता' एम. बी. बी. एस.

घरातील मुलास वा मुलीस वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळाला की आपल्याकडे पेढे वाटले जातात. साडेचार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप पुरी होऊन पदवी हाती येते, तेव्हा मात्र आप्तेष्ट अभिनंदनाआधीच विचारतात, "एम. डी. कशात करणार?" या प्रश्नाचे उत्तर आज देशातील हजारो तरुण डॉक्टरांपाशी नाही. या स्थितीचा थोडा विचार आम्ही वाचकांसमोर मांडू इच्छितो.

आकडे बोलके आहेत. २०१४ च्या सुमारास देशात एम. बी. बी. एस.च्या जागा सुमारे ५१ हजार होत्या. २०२४ पर्यंत त्या एक लाख बारा हजारांच्या घरात गेल्या. पदव्युत्तर जागाही ३१ हजारांवरून ७२ हजारांच्या आसपास पोहोचल्या. परंतु २०२५ च्या 'नीट-पीजी' परीक्षेस सव्वादोन लाखांहून अधिक उमेदवार बसले. म्हणजे सुमारे तिघांमागे एक जागा! या रांगेत त्या वर्षीच्या पदवीधरांमागे आदल्या वर्षी हुकलेले आणि त्याच्याही आदल्या वर्षीचे उभे असतात. आमच्या शाळेतून गेलेली एक गुणी विद्यार्थिनी तिसऱ्यांदा ही तयारी करीत आहे. तिला रोगनिदान करता येते, प्रसूती करता येते. पण गेली दोन वर्षे तिच्या हाती स्टेथॉस्कोपऐवजी प्रश्नसंचच आहे.

मग जागा वाढवीत का नाहीत, असे कोणी विचारील. बाके वाढवून वर्ग वाढविता येतो, हेही आम्हां शिक्षकांस पुरते पटत नाही. रुग्णालयात तर ते मुळीच शक्य नाही. निवासी डॉक्टराच्या प्रत्येक जागेमागे अनुभवी प्राध्यापक, पुरेशा खाटा आणि पुरेसे रुग्ण लागतात. शिवाय हा विद्यार्थी शिकता शिकता रुग्णालयाचा भार वाहतो. २०२१ साली प्रवेशप्रक्रिया रखडली, नवी तुकडी आली नाही आणि तीन तुकड्यांचे काम दोघींवर पडले. त्या डिसेंबरात दिल्लीतील निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले, त्यामागे हाच शीण होता.

टंचाईच्या जोडीला एक विसंगतीही आहे. क्ष-किरणशास्त्र, त्वचारोग, औषधवैद्यक यांवर उड्या पडतात, तर शरीररचनाशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांच्या जागा रिकाम्या राहतात. त्या भरण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलपर्यंत खाली आणावी लागली. उद्याच्या डॉक्टरांना पहिल्या वर्षी शिकविणारे प्राध्यापक याच शाखांतून यावयाचे, हे ध्यानी घेतले म्हणजे चिंता वाटते.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या आपल्या कुटुंबांस रहिवासाच्या अटीचा प्रश्नही नेहमी पडतो. २९ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशात केवळ रहिवासावर आधारलेले आरक्षण राज्यघटनेच्या १४ व्या कलमाशी विसंगत आहे. मात्र त्याच संस्थेतून पदवी घेतलेल्यांना मर्यादित प्राधान्य देण्यास मुभा आहे. तेव्हा एम. बी. बी. एस.साठी महाविद्यालय निवडतानाच पालकांनी पुढील पायरीचाही विचार करावा, हे बरे.

पण खरा रोग आम्हांस एका शब्दात दिसतो. तो शब्द म्हणजे 'नुसता'. "नुसता एम. बी. बी. एस. आहे," असे आपण सहज म्हणतो, सोयरीक जुळवितानाही म्हणतो. वस्तुतः भोर समितीने १९४६ सालीच आपल्या आरोग्यव्यवस्थेचा पाया म्हणून अशाच सर्वसाधारण डॉक्टराची कल्पना केली होती. ताप, खोकला, मधुमेह, रक्तदाब यांसाठी घराजवळचा जाणता डॉक्टरच उपयोगी पडतो. आणि खेड्यांत त्याचीच वाण आहे.

शासनाने आधी प्राध्यापक आणि खाटा वाढवाव्यात, मग जागा. कुटुंबवैद्यकाच्या डी. एन. बी.सारख्या अभ्यासक्रमांस मान आणि विस्तार द्यावा. पालकांनी मात्र शासनाची वाट पाहू नये. परीक्षेचे प्रयत्न किती, हे मुलांशी बसून आधीच ठरवावे. मधल्या काळात सरकारी दवाखान्यात वैद्यकीय अधिकारी म्हणून काम करण्यास त्यांना उत्तेजन द्यावे. शिकलेली विद्या वापरात राहिली तरच टिकते. आणि घरात तो 'नुसता' शब्द आजपासून उच्चारू नये, एवढीच आमची विनंती.