अर्थिंगला पाणी घातलं का?

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. परीक्षा संपवून मी धुळ्याला, देवपुरातल्या आमच्या घरी गेले होते. संध्याकाळी पाचच्या सुमारास आभाळ काळंकुट्ट झालं. आधी धूळ आली, मग वारा, मग विजा. आपल्या खान्देशातला वळीव कसा येतो हे तुम्हाला सांगायला नकोच! घरातले दिवे क्षणभर मंद झाले आणि मग असे काही लख्ख पेटले, की आई म्हणाली, "अगं, आज व्होल्टेज किती छान आहे!" तिचं वाक्य संपायच्या आत दोन बल्ब फुटले, टीव्हीच्या मागून धूर यायला लागला आणि स्वयंपाकघरातून आजी ओरडली, "माय व! फ्रीजमा करंट ई ऱ्हायना!"

पप्पांनी धावत जाऊन मेन स्विच बंद केला. आजीच्या पायात रबरी स्लिपर होत्या, हात कोरडा होता आणि झटक्यानं तो मागे फेकला गेला. एवढ्यावर निभावलं. टीव्ही गेला, सेटटॉप बॉक्स गेला, फ्रीजचं कार्ड गेलं. त्याचं काही नाही. आजी वाचली.

आता लाजिरवाणा भाग. त्या घरात एक "इलेक्ट्रिकल इंजिनिअर" होती. मी. आणि त्या फ्रीजमध्ये करंट उतरण्यात माझाही हात होता.

त्याच्या आदल्या दिवाळीत आम्ही घराला रंग दिला, तेव्हा वायरिंगही बदलायचं ठरलं. आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं काम करणारे एक वायरमन काका आहेत. त्यांनी घर बघितलं आणि पहिलीच गोष्ट सांगितली, "भाऊ, तुमचं अर्थिंग मेलेलं आहे. नवीन खड्डा घ्यावा लागेल." त्याचे वेगळे पैसे होते. दुसऱ्या एकानं निम्म्या पैशांत काम सांगितलं. "अर्थिंगची काही गरज नाही साहेब, मी न्यूट्रलमधूनच देऊन टाकतो, कुणाला कळत पण नाही." पप्पांनी मला हॉस्टेलवर फोन केला. मी तेव्हा सेकंड इयरला. दुसऱ्या दिवशी पेपर होता. मी म्हणाले, "एमसीबी बसवताय ना? मग चालेल." वाचलेल्या पैशांत हॉलमध्ये फॉल्स सीलिंगचे रंगीत दिवे लागले.

"न्यूट्रलमधून अर्थिंग" म्हणजे काय? थ्री-पिन सॉकेटच्या आत अर्थच्या पिनपासून न्यूट्रलपर्यंत बोटभर वायरचा तुकडा जोडायचा. टेस्टर लावला की सगळं बरोबर दिसतं. टेस्ट लॅम्प लावला तर तोही पेटतो. ग्राहक खूश. पण त्या क्षणापासून फ्रीजचा, वॉशिंग मशिनचा, मिक्सरचा पत्रा थेट न्यूट्रलला जोडलेला असतो. रस्त्यावरचा न्यूट्रल शाबूत आहे तोवर काही होत नाही.

आणि वादळात सगळ्यात आधी दगा देतो तो नेमका न्यूट्रल! डीपीवरून तीन फेज आणि एक न्यूट्रल निघतो. गल्लीतली घरं तीन फेजवर वाटलेली असतात, न्यूट्रल सगळ्यांचा एकच. फांदी पडली, तार तुटली, जुना जोड सुटला आणि हा न्यूट्रल गेला, की वेगवेगळ्या फेजवरची दोन घरं एकमेकांना सिरीजमध्ये जोडली जातात आणि त्यांच्यावर २३० नाही, जवळजवळ ४०० व्होल्ट येतात. त्यांची वाटणीही सारखी होत नाही. ज्या घरात लोड कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. शेजारी कूलर आणि मोटार चालू होती, आमच्याकडे दोन दिवे आणि टीव्ही. म्हणून आमचे दिवे "छान" पेटले. शिवाय लटकलेल्या न्यूट्रलवर आता जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज होतं, आणि बोटभर तुकड्यातून ते फ्रीजच्या दारापर्यंत पोचलं होतं. अनबॅलन्स्ड स्टार लोडचं हे गणित मी परीक्षेत सोडवलं होतं. मार्कही चांगले पडले होते. पण त्या स्टारच्या मधल्या बिंदूला माझी आजी हात लावून उभी असेल, हे कुठल्याच गणितात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तेच गल्लीतले काका आले. आदल्या रात्रीपासून त्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्यांनी सॉकेट उघडलं, तो तुकडा पक्कडीनं बाहेर काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "ताई, हे बघा." बस. "मी सांगितलं होतं" असं एका शब्दानंही बोलले नाहीत. मग अंगणात जाऊन जुना अर्थिंगचा खड्डा शोधला. त्यावर आम्ही फरशी बसवली होती! त्यांनी विचारलं, "उन्हाळ्यात अर्थिंगला पाणी घालता का?" मला वाटलं, चेष्टा करताहेत.

चेष्टा नव्हती. जमीन वीज वाहून नेते ती ओलाव्यामुळे. आपली काळी माती ओली असताना अर्थिंगला उत्तम. पण जळगाव-धुळ्याचा पारा ४४-४५ च्या वर गेला, की तीच माती वाळते, आकसते, तिला भेगा पडतात आणि पाइपपासून सुटते. अर्थिंगचा रोध वाढतो. म्हणजे मे महिन्याच्या शेवटी आपलं अर्थिंग वर्षातलं सगळ्यात अशक्त असतं. आणि आपली वादळं कधी येतात? मे-जूनमध्येच! रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांना विचारा. पिकलेली बाग आडवी करणारं वारं याच दिवसांत सुटतं. ज्या दिवशी अर्थिंगची सगळ्यात जास्त गरज, त्याच दिवशी ते कोरडं ठणठणीत. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात तेही ओल धरून ठेवायलाच. आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतायला पैसे लागत नाहीत. इंजिनिअर तर लागतच नाही.

आता "एमसीबी आहे ना, मग चालेल" या माझ्या अमूल्य सल्ल्याकडे वळते. असं म्हणणारी मी एकटी नाही, म्हणून लिहिते. एमसीबी हा वायरचा रखवालदार आहे. जास्त करंट वाहिला किंवा शॉर्ट झाला तर तो पडतो. जास्त व्होल्टेज आलं तर त्याला पत्ताही नसतो. माणसाला शॉक बसला तर तो बहुतेक वेळा पडत नाही, कारण माणसाचा जीव घ्यायला अँपिअरचा छोटासा भाग पुरतो आणि एमसीबी सहा, दहा, सोळा अँपिअरचा असतो. माणसासाठी आरसीसीबी असतो, ३० मिलिअँपिअरचा. विजेच्या लाटेसाठी एसपीडी, म्हणजे सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस. वीज लाइनवर किंवा लाइनच्या जवळ पडली, की लाट मायक्रोसेकंदांत घरात शिरते. एमसीबीला हलायला मिलिसेकंद लागतात. चोर निघून गेल्यावर कुत्रं भुंकतं, तसं. एसपीडी ती लाट जमिनीत ढकलतो. पण जमिनीत, म्हणजे कुठे? अर्थिंगमध्येच! अर्थिंग मेलेलं असेल तर हजारोंचा एसपीडी म्हणजे भिंतीवरचा शोपीस. स्पाइक गार्डचंही बरंचसं तेच. आणि ४०० व्होल्ट मिनिटभर राहिले तर एसपीडी स्वतःच जळतो. त्यासाठी ओव्हरव्होल्टेजला सप्लाय तोडणारं वेगळं यंत्र लागतं. म्हणून सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय आजही तोच, आपल्या आज्यांचा. आभाळ भरून आलं की प्लग काढून ठेवा. टीव्हीच्या केबलची किंवा डिशची वायरसुद्धा. पण वीज कडकडायला लागायच्या आधी. कडकडत असताना त्यांच्याजवळ जाऊ नका. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं "दामिनी" ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं, ते फोनमध्ये असू द्या.

आता मुख्य प्रश्न. वायरमन बोलवायचा तर कुठला? आपण विचारतो एकच गोष्ट, "किती घेणार?" २०१० च्या केंद्रीय विद्युत सुरक्षा नियमांत स्पष्ट होतं आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या नियमांतही तोच पाया आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलणं वेगळं. बाकी वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानं, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परवाना असलेल्या माणसानंच करायचं. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन स्वतंत्र ट्रेड त्यासाठीच आहेत. मला ठाऊक आहे, आपल्याकडे कितीतरी चांगले वायरमन मामाच्या, काकाच्या हाताखाली शिकलेले असतात आणि त्यांच्याकडे कागद नसतो. त्यांच्या हाताला मी कमी लेखत नाही. पण परवाना विचारण्यात अपमान काय आहे? डॉक्टरची डिग्री आपण भिंतीवर बघतोच ना!

कागदाशिवायही माणूस ओळखता येतो. तो आल्याबरोबर आधी मीटर, मेन स्विच आणि अर्थिंग बघतो, की थेट ड्रिल मशिन काढतो? मेन बंद करून काम करतो, की "काही होत नाही" म्हणत चालू लाइनला हात घालतो? त्याच्याकडे नुसता टेस्टर आहे, की मेगर आणि अर्थ टेस्टरही आहे, किंवा निदान तो कुठून तरी आणतो? हिरवी वायर अर्थलाच लावतो, की कमी पडली म्हणून फेजला वापरतो? काय काम केलं ते बिलावर लिहून देतो का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, तुम्हाला न आवडणारी, खर्च वाढवणारी गोष्ट तो तोंडावर सांगतो का? आमच्या काकांनी सांगितली होती. आम्ही त्यांनाच नको म्हटलं.

वादळानंतर माणूस निवडायला वावच नसतो. ३ जून २०२० ला "निसर्ग" चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, तेव्हा हजारो खांब पडले आणि कोकणातली कित्येक गावं पुढे अनेक दिवस अंधारात होती. अशा वेळी जो मिळेल तो, मागेल ते आणि करेल तसं. म्हणून वायरमन एप्रिलमध्ये बोलवायचा, जूनमध्ये नाही. नुसतं तपासायला बोलवायचं आणि तपासण्याचेही पैसे द्यायचे. "काही बदललंच नाही, मग पैसे कसले?" हा आपल्या घराघरातला डायलॉग बंद व्हायला हवा. त्याच्या नजरेचे पैसे असतात ते.

मित्रांनो, आपण दीपनगरच्या इंडस्ट्रियल व्हिजिटला गेलो, ५०० मेगावॅटचे संच बघून थक्क झालो, फोटो काढले. तिथे जनरेटरचा न्यूट्रल किती जपतात हे मी वहीत उतरवूनही घेतलं. पण स्वतःच्या घरचा अर्थिंगचा खड्डा फरशीखाली गेलाय, हे मला माहीत नव्हतं. हॉस्टेलवर तरी काय वेगळं आहे? एका एक्स्टेंशनवर दुसरं एक्स्टेंशन, थ्री-पिनची वरची जाड पिन तोडून टू-पिनमध्ये खुपसलेला प्लग आणि बादलीत सोडलेला रॉड. ती जाड, लांब पिन मुद्दाम सगळ्यात आधी आत जाते आणि सगळ्यात शेवटी बाहेर येते. ती आपली पिन आहे. बाकीच्या दोन यंत्राच्या.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक नम्र विनंती. आपल्या मशिन लॅबच्या कपाटात अर्थ टेस्टर आहे. आम्ही तो प्रॅक्टिकलला एकदा हाताळतो, रीडिंग लिहितो आणि कपाट बंद होतं. दर एप्रिलमध्ये तो बाहेर काढू या. आधी आपल्या दोन्ही हॉस्टेलचं अर्थिंग मोजू या आणि आकडे नोटीस बोर्डावर लावू या, चांगले आले तरी आणि वाईट आले तरी. मग एखाद्या रविवारी गावातले दोन अनुभवी वायरमन बोलावू या. भाषण करायला नाही, आम्हाला शिकवायला, आणि मानधन देऊन. आम्ही त्यांना मेगर वापरायला देऊ, ते आम्हाला सॉकेट उघडायला शिकवतील. सौदा आमच्याच फायद्याचा आहे.

आमच्या अंगणात आता नवीन खड्डा आहे. घरात आरसीसीबी आहे. फॉल्स सीलिंगचे रंगीत दिवे अजून लागतात, मला मात्र ते बघवत नाहीत. तो वायरचा तुकडा मी माझ्या कंपासपेटीत ठेवलाय. दर रविवारी घरी फोन करते, तेव्हा "जेवलात का?"च्या आधी आजीला विचारते, "अर्थिंगला पाणी घातलं का?" आजी म्हणते, तुळशीच्या आधी घातलं.

— तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी