मंडळाचा संगणक : नाकापेक्षा मोती जड नको

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे जे विषय आहेत, त्यांत मंडळासाठी संगणक घ्यावा की नाही, हा एक आहे. विषय छोटा दिसतो. गणपतीचा हॉल आणि दिवाळीचा फराळ यांपुढे त्याच्या वाट्याला पाच मिनिटे तरी येतील की नाही, याची आम्हांला शंका आहे. म्हणून सभेआधीच चार गोष्टी सभासदांपुढे मांडत आहोत. आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. मंडळाने स्वतःच्या मालकीचा संगणक घ्यावा. तो लहान, कमी वीज खाणारा आणि स्वस्त असावा. मात्र तो घेण्याचे खरे कारण वीज नव्हे, पैसाही नव्हे. ते आहे मंडळाचे दप्तर.

हे दप्तर आज कोठे आहे? सभासदांची यादी एका घरच्या लॅपटॉपवर, हिशेब दुसऱ्या घरी, या अंकाची पाने तिसऱ्या घरी आणि छायाचित्रे कोणाकोणाच्या फोनमध्ये. हे कार्यकर्ते आपला वेळ आणि आपली साधने मंडळाला फुकट देतात, तेव्हा त्यांच्याविषयी तक्रार करण्याचा प्रश्नच नाही. पण आपली मंडळी नोकरीमागे फिरणारी. आज मॉसन लेक्समध्ये, उद्या मेलबर्नला, परवा पर्थला. माणूस गेला की लॅपटॉपही जातो, आणि मागे राहतात ते दोन-चार ईमेल आणि ‘यादी पाठवतो’ असे आश्वासन. मंडळ नोंदणीकृत आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या १९८५ च्या कायद्याप्रमाणे सभांचे इतिवृत्त आणि हिशेब ठेवणे ही मंडळाची जबाबदारी आहे, कोणा एका चिटणिसाच्या लॅपटॉपची नव्हे.

आता कोणता संगणक, ते पाहू. त्यासाठी आधी कामे मोजली पाहिजेत. यादी ठेवणे, वर्गणीच्या पावत्या करणे, हॉलसाठी अर्ज भरणे, पत्रे लिहिणे, अंकाची पाने लावणे, ईमेल पाहणे आणि अधूनमधून व्हिडिओवर कार्यकारिणीची बैठक घेणे, एवढीच ही कामे. यांत चित्रपटाचे संकलन नाही, मुलांचे खेळ नाहीत. मॉसन लेक्सच्या घरांना दोन पाणीपुरवठे आहेत हे आपण रोज पाहतो. पिण्याचे पाणी वेगळे, आणि बागेला व शौचालयाला जांभळ्या नळाचे, शुद्ध करून पुन्हा वापरलेले पाणी वेगळे. ज्या कामाला जे पुरते ते द्यावे, ही त्यामागची साधी दृष्टी. संगणकालाही तीच लावावी.

आमच्यापुढे चार पर्याय आले. पहिला, एका सभासदाने देऊ केलेला जुना मोठा डबा. धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत म्हणतात, पण या गाईचे मोजावे लागतील. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. हा डबा त्याआधीचा आहे. तो चालू होतो, कामही करतो; पण ज्यावर शे-दीडशे कुटुंबांचे पत्ते आणि फोन ठेवायचे, तो यंत्र दुरुस्तीविना आंतरजालाला जोडणे आम्हांला बरे वाटत नाही. त्यावर लिनक्स घालता येईल, परंतु ते पुढच्या चिटणिसांनाही पेलले पाहिजे.

दुसरा पर्याय म्हणजे रास्पबेरी पाय. केंब्रिजमध्ये मुलांना संगणक शिकवण्याच्या हेतूने निघालेला हा छोटा संगणक २०१२ साली बाजारात आला. त्याच्या ४०० (२०२०) आणि ५०० (२०२४) या आवृत्त्यांत सगळा संगणक कळफलकाच्याच आत बसवलेला आहे. पत्र, यादी, ईमेल यांना तो पुरतो. अडचण अशी की त्यावर विंडोज अधिकृतपणे मिळत नाही. खजिनदारांचे हिशेबाचे सॉफ्टवेअर केवळ विंडोजवर चालणारे असेल, तर काम तेथेच अडले. घरी मुलांना शिकायला तो उत्तम. मंडळाला मात्र आम्ही सुचवणार नाही.

तिसरा, तळहातापेक्षा थोडा मोठा नवा डबा. अशा अनेक डब्यांत इंटेलचा एन१०० हा २०२३ साली आलेला प्रोसेसर असतो. त्याला चार गाभे आहेत आणि त्याची आखलेली वीजमर्यादा ६ वॅट आहे. अख्खा डबा अर्थातच त्याहून जास्त घेतो, तरी आपल्या कामांना तो भरपूर होतो. घेताना मेमरी किमान ८ जीबी, शक्यतो १६ जीबी पाहावी, कारण यांतल्या काहींत ती मागाहून वाढवता येत नाही. अनोळखी नावाचा डबा घेतला, तर दोन वर्षांनी बिघाड झाल्यावर दाद कोणाकडे मागायची, तेही आधीच विचारून ठेवावे.

चौथा पर्याय आम्हांला सर्वांत पसंत आहे. मोठ्या कचेऱ्या आपले संगणक तीन-चार वर्षांनी बदलतात आणि ते तपासून, पुसून पुन्हा विक्रीस येतात. त्यांत लेनोवोचा थिंकसेंटर टायनी, डेलचा ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचा एलिटडेस्क मिनी असे जाड पुस्तकाएवढे डबे असतात. आठव्या पिढीचा आय५-८५००टी (सहा गाभे, ३५ वॅटची मर्यादा) किंवा त्यापुढचा प्रोसेसर असेल, तर त्यावर विंडोज ११ चालते. मेमरी आणि साठवण बदलता येते, सुटे भागही मिळतात. शिवाय एक यंत्र आणखी काही वर्षे वापरात राहते. आपल्या राज्यात ई-कचरा जमिनीत पुरायला बंदी आहे, म्हणून तो निर्माणच कमी करावा हे बरे. किमती आम्ही मुद्दाम छापत नाही. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, आणि अशा वेळी छापील आकडा अंक घरी पोहोचेपर्यंत शिळा होतो. सभेच्या आठवड्यात तीन दुकानांची दरपत्रके मागवावीत.

विजेचा मुद्दा जाहिरातींत मोठा असतो, म्हणून त्याचा हिशेब करू. जुना डबा सरासरी ६० वॅट आणि नवा १० वॅट घेतो असे धरू, म्हणजे फरक ५० वॅटचा. मंडळाचे काम आठवड्याला सहा तास धरले तर वर्षाचे ३१२ तास होतात आणि बचत होते १५.६ युनिट. युनिटला ४० सेंट धरले तर वर्षाला सव्वासहा डॉलर. एका थाळीचेही पैसे नव्हेत! हाच डबा रात्रंदिवस चालू ठेवला, तर मात्र फरक ४३८ युनिटांचा, म्हणजे सुमारे १७५ डॉलरचा होतो. तात्पर्य, काम संपल्यावर बंद करण्याची सवय ही कोणत्याही नव्या प्रोसेसरइतकीच मोलाची आहे. कमी विजेचा खरा लाभ दुसराच आहे. डबा तापत कमी, आवाज करत नाही, पिशवीत घालून हॉलवर नेता येतो आणि कोणाच्याही घरी जागा अडवत नाही.

तापण्यावरून आठवले. हा संगणक शेडमध्ये किंवा गॅरेजच्या कपाटात ठेवू नये. २४ जानेवारी २०१९ रोजी ॲडलेडचे तापमान ४६.६ अंशांवर गेले होते, आणि बंद शेडमध्ये त्याहून अधिक असते. आमचा व्यवसाय रसायनशास्त्राचा. दर दहा अंशांना रासायनिक क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो, हा आमच्याकडचा जुना ठोकताळा. संगणकातील काही भागांचे म्हातारपणही याच चालीने लवकर येते.

मराठीचा प्रश्न स्वतंत्र आहे. आपले जुने अंक त्या काळच्या खासगी फाँटांत अक्षरजुळणी केलेले आहेत. त्यांत पडद्यावर दिसते ‘क’, पण साठवलेले असते एखादे रोमन अक्षर. तो फाँट नसला की सगळे पान गचाळ दिसते. पुढचे सर्व काम युनिकोडमध्येच व्हावे. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, परंतु आपल्या गावाच्या नावातले पहिले अक्षर ‘ॲ’ स्वतंत्र म्हणून त्यात २००८ साली आले. त्याआधी ते ‘अ’वर अर्धचंद्र देऊन लिहीत, आणि आजही काही कळफलक तसेच लिहितात. दिसायला दोन्ही सारखे, पण संगणकाच्या लेखी शब्द दोन. यादीत शोधताना एक सापडतो आणि दुसरा सापडत नाही. तेव्हा यंत्र पसंत करण्यापूर्वी त्यावर ‘ॲडलेड’, ‘दुसऱ्या’ आणि ‘क्लृप्ती’ हे तीन शब्द लिहून, छापून आणि शोधून पाहावेत. विक्रेता चकित होईल, होऊ द्यावा. कार्यालयीन कामासाठी २०१० पासून असलेले लिब्रऑफिस फुकट मिळते आणि मराठीला चालते. नाहीतर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, तसे वार्षिक वर्गणीच्या सॉफ्टवेअरपायी व्हायचे.

आता सर्वांत महत्त्वाचे. विंडोज ११ चा संगणक प्रथम ज्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू करावा, त्याच खात्यात बहुधा कुलूपबंद साठवणीची किल्ली जाऊन बसते. ते खाते खजिनदारांचे खासगी असेल आणि ते उद्या सिडनीला गेले, तर डबा आपल्याकडे आणि किल्ली त्यांच्याकडे अशी गत होईल. म्हणून आमची सूचना अशी : खाते मंडळाच्या नावाच्या ईमेलवर असावे. किल्ली आणि परवलीचे शब्द कागदावर लिहून दोन बंद पाकिटांत घालावेत, एक अध्यक्षांकडे आणि एक चिटणिसांकडे. दर महिन्याला दप्तराची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुसऱ्या घरी ठेवावी. नवी कार्यकारिणी आली की रोकड-वही जशी सही करून हाती देतात, तसा संगणकही द्यावा.

काही मित्र म्हणतात, सगळे आता गूगलवर ठेवता येते, मग यंत्र कशाला? मुद्दा खोटा नाही. प्रत तेथेही जरूर ठेवावी. पण तेथेही प्रश्न तोच, खाते कोणाचे? शिवाय आपल्या ज्येष्ठ सभासदांना फोनवर यादी भरता येत नाही. मोठा पडदा, खरा कळफलक आणि शेजारी बसून दाखवणारे कोणी असले, तर त्यांतले कित्येकजण दप्तराचे काम आपणहून अंगावर घेतील. त्यांच्यापैकी अनेकांनी आयुष्यभर कचेरीत हेच तर केले आहे.

एकूण काय, वापरून तपासलेला छोटा संगणक, साधा पडदा, एक बाहेरची डिस्क आणि दोन पाकिटे, एवढ्याची मंजुरी सभेने द्यावी. अंथरूण पाहूनच पाय पसरले आहेत. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी सभेत अवश्य बोलावे. आणि ज्यांच्याकडे मंडळाच्या जुन्या याद्या, इतिवृत्ते किंवा अंक असतील, त्यांनी ते येताना बरोबर आणावेत. संगणक केव्हाही घेता येईल, पण ते कागद एकदा गेले की कोणत्याही दुकानात मिळणार नाहीत.