बरणी

दिवाळीला नाशिकचा भाचा पेणला आला तो वाइनची बाटली घेऊन. आईने चष्मा वर सरकवून विचारले, "औषध आहे का रे?" स्वारी तिकडे द्राक्षाच्या वाइनच्या कारखान्यात नोकरीला आहे. ती बोलू लागली की मराठीच्या प्राध्यापकालाही श्रोता व्हावे लागते.

"आजी, रस तोच, पण भांडे बदलले की चव बदलते. पोलादी टाकीत थंड ठेवून आंबवला तर फळाचा ताजा वास टिकतो. ओकच्या पिंपात मुरवला तर किंचित हवा लागून तुरटपणा मऊ होतो, व्हॅनिलाचा गंध चढतो. जॉर्जियात तर मातीचे रांजण जमिनीत पुरतात. २०१३ साली युनेस्कोने त्या पद्धतीला वारशाचा मान दिला."

"त्यात नवल ते काय?" आई म्हणाली. "रोह्याला आमच्या दादाच्या वाडीत ताडावर दोन मडकी चढत. एकाला आतून चुना फासलेला. त्यातली गोड नीरा पहाटे आम्ही पोरे प्यायचो. दुसऱ्यातला रस सकाळीच फसफसायचा. झाड एकच हो!"

भाचा चाटच पडला. रोजच्या मडक्यात कालचे यीस्ट उरते आणि रस लगेच आंबतो, चुना त्याला आवरतो, हे मग त्यानेच आम्हाला समजावले.

पण वाचकहो, आईचे लक्ष वाइनकडे नव्हतेच. पेणचे घर विकले आहे. पुढच्या महिन्यात आम्ही पनवेलच्या फ्लॅटमध्ये जाणार, आणि सौभाग्यवतींनी टाकायच्या वस्तूंची यादी केली आहे. त्यात आजेसासूबाईंची चिनीमातीची बरणी आहे. "प्लॅस्टिकच्या किती हलक्या!" हे तिचे म्हणणे खोटे नाही. या विषयात माझे मत कोणी विचारीत नाही, कारण गेल्या उन्हाळ्यात मदतीच्या उत्साहात मी मीठ लावलेल्या कैऱ्या कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात रात्रभर ठेवल्या. आंबट नि खारट दोन्ही पितळेला खातात. सकाळी हिरवे पाणी! सगळे फेकावे लागले. आई दोन दिवस बोलली नाही.

"चिनीमातीत मात्र काही मुरत नाही, आजी," भाचा म्हणाला. "तिची झिलई काही शोषतही नाही, काही देतही नाही."

"म्हणूनच तर," आई म्हणाली. "सासूबाईंचा हात चाखायला मिळायचा, बरणी नव्हे." आणि हळूच, "त्या घरात कोनाडा आहे का रे?"

कोनाडा नाही. भाच्याने सुतळीने बरणीचे पोट मोजले. सौभाग्यवतींनी ती सुतळी हातात घेतली, बराच वेळ पाहिली.

"फ्रिज थोडा सरकवावा लागेल," ती म्हणाली.