घरातलं ऊन



मे महिन्यात नागपूरच्या एका वस्तीत आमची बैठक होती. दुपारचे तीन वाजलेले. टिनाच्या छपराखाली बसलो, तर वरून भट्टी पेटल्यासारखं वाटत होतं. त्या घरची बाई चार घरची धुणीभांडी करते. पाच महिन्यांचं बाळ झोळीत घामाने भिजलेलं. कोपऱ्यात कुलर होता, पण बंद. "बिलाची भीती वाटते ताई," ती म्हणाली.

आम्ही तिथेच हिशेब मांडला. दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला वीज स्वस्त मिळते, पण वर्षाचा वापर ३६० युनिटांच्या आत राहिला तरच. म्हणजे महिन्याला ३०. दोनशे वॅटचा कुलर रोज आठ तास चालवला, तर तो एकटाच महिन्याला ४८ युनिटं घेतो. म्हणजे बाळाला गारवा दिला की सवलत जाण्याची वेळ येते. शेजारच्या भाडेकरणीला तर सवलतच नाही, कारण मीटर घरमालकाच्या नावावर. नवऱ्याने टाकलेल्या बाईच्या नावावर ना घर, ना मीटर.

उन्हाळ्यात रस्त्यावर पाणपोया लागतात. दुपारी घराबाहेर पडू नका, असं सांगितलं जातं. पण घरच तापलेलं असेल तर? दुपारभर त्या छपराखाली असते ती बाळंतीण, म्हातारी, घरी बसून विड्या वळणारी.

गरिबाच्या घरातली थंडी आणि उन्हाळा हा सरकारचा विषय होऊ शकतो. अमेरिकेत १९८१ साली त्यासाठी कायदा झाला. घर उबदार किंवा थंड ठेवण्याच्या बिलाला त्यातून मदत मिळते, भाडेकरूही अर्ज करू शकतात. तो निधी सगळ्यांना पुरत नाही, पण जबाबदारी तरी मान्य झाली. आपल्याकडे अहमदाबादेत महिला हाउसिंग ट्रस्टने वस्त्यांमधल्या छपरांना ऊन परतवणारा पांढरा रंग देण्याचं काम केलं आहे.

आपण काय मागायचं? उन्हाळ्याच्या तीन महिन्यांचा वापर ३६० च्या मोजणीतून वगळा. छपराच्या रंगासाठी अनुदान द्या, आणि ते बाईच्या हातात द्या. भाडेकरणीला आणि एकट्या बाईला मीटरच्या नावावरून नाकारू नका.

त्यासाठी एक काम करू या. तुमच्या गटातल्या प्रत्येकीची वर्षभराची बिलं गोळा करा. दुपारी तीनला घरातलं तापमान वहीत लिहा. घर कोणाच्या नावावर, मीटर कोणाच्या नावावर, तेही लिहा. पुढच्या उन्हाळ्याआधी या वह्या घेऊनच आपण निवेदन द्यायला जाऊ.