पगारी बंडखोर

इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या दरबारातील कवी जॉन विल्मट, म्हणजेच अर्ल ऑफ रॉचेस्टर (१६४७-१६८०), याचे चरित्र दोन प्रकारे सांगण्याची रीत आहे. पहिली रीत गिल्बर्ट बर्नेट या धर्मोपदेशकाची. रॉचेस्टरच्या अखेरच्या दिवसांत त्याच्याशी झालेली संभाषणे बर्नेटने १६८० मध्येच पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. तीत मद्य, स्त्रिया आणि नास्तिक्य यांत बुडालेला उमराव शेवटी पश्चात्तापाने पावन होतो. दुसरी रीत अलीकडची. २००४ च्या 'द लिबर्टाइन' या चित्रपटात जॉनी डेपने उभा केलेला रॉचेस्टर पाहून अनेकांना तो व्यवस्थेला लाथाडणारा बंडखोर वाटला. एकाला पापी हवा आहे, दुसऱ्याला नायक. दोघेही एक साधा प्रश्न विचारत नाहीत: या माणसाला पोसत कोण होते?

उत्तर सरळ आहे. राजा. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत पराभव झाल्यावर चार्ल्सला निसटून जाण्यास ज्यांनी मदत केली, त्यांत रॉचेस्टरचे वडील हेन्री विल्मट होते. १६६० मध्ये गादी परत मिळाल्यावर राजाने त्या उपकाराची फेड मुलाकडे केली आणि त्याला वर्षाला ५०० पौंडांचा तनखा बांधून दिला. १६६६ मध्ये रॉचेस्टर राजाच्या शयनगृहाचा मानकरी झाला. राजाला पोशाख चढवायचा, पाळी असेल तेव्हा रात्री त्याच्याच शयनगृहात झोपायचे, ही चाकरी; वेतन वर्षाला १००० पौंड. याच राजाने १६६८ मध्ये आपली मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला १० पौंड खंडाने देऊन टाकली. त्या दरबाराच्या लेखी कशाचे मोल किती होते, हे या दोन आकड्यांवरून ताडता यावे.

आता अपराध पाहू. १६६५ मध्ये त्याने एलिझाबेथ मॅलेट या धनाढ्य वारसदार मुलीला भर रस्त्यात गाडीतून पळवले. त्याबद्दल लंडनच्या टॉवरमध्ये तो काही आठवडे कैदेत होता. पुढे १६६७ मध्ये त्याच मुलीशी त्याचे लग्न झाले. १६६९ मध्ये राजाच्या उपस्थितीत त्याने टॉमस किलिग्रूच्या कानशिलात लगावली. दुसऱ्याच दिवशी राजा त्याला बरोबर घेऊन उघडपणे फिरत होता, याची नोंद करताना रोजनिशीकार सॅम्युएल पीप्सला संताप आवरला नाही. १६७३-७४ च्या हिवाळ्यात राजाच्या विषयलंपटपणावरची अश्लील कविता त्याने चुकून राजाच्याच हाती दिली. तो दरबारातून पळाला खरा. पण १६७४ मध्येच वुडस्टॉक येथील शाही उद्यानाचा तो रक्षक झाला. १६७५ मध्ये नशेत त्याने राजवाड्याच्या बागेतील राजाचे आवडते सूर्यघड्याळ फोडले. पुन्हा हकालपट्टी, पुन्हा आगमन.

असे सारखे माफ होणाऱ्या अपराधाला बंड म्हणता येत नाही. आमच्या मते ही बदनामी चाकरीचाच एक भाग होती. पैशासाठी पार्लमेंटपुढे हात पसरणाऱ्या आणि अंगवस्त्रांमुळे गाजणाऱ्या राजाला, आपल्याहून वाईट असा एक माणूस शेजारी असणे सोयीचेच होते. शिवाय निंदा करणारा आपल्याच ताटात जेवत असला की निंदा घरातच राहते. आपल्या संस्कृत नाटकांतील विदूषकही राजाची थट्टा करतो, पण मोदक राजाचेच खातो.

यावर कोणी म्हणेल, पण त्याच्या कविता? त्या थोर आहेत, याबद्दल आमचा वाद नाही. मानवी बुद्धीच्या गर्वावर इतका निर्दय प्रहार करणारे कवी इंग्रजीत थोडे. परंतु त्याच्या हयातीत या कविता बहुतांशी हस्तलिखितांतूनच फिरल्या, आणि मुख्यतः ज्यांची खिल्ली उडवली त्यांच्याच वर्तुळात. आपले हे स्थान रॉचेस्टरला उमगले नव्हते असेही नाही. 'अलेक्झांडर बेंडो' या नावाने वैदू बनून त्याने लंडनच्या टॉवर हिलवर दुकान थाटले, तेव्हाच्या जाहिरातपत्रात मुत्सद्दी आणि भोंदू वैद्य यांना त्याने एकाच माळेत ओवले आहे. आमच्या दृष्टीने त्याचे मोठेपण या जाणिवेत आहे.

मात्र या खेळाची किंमत कोणी मोजली? जून १६७६ मध्ये एप्सम येथे रॉचेस्टर आणि त्याच्या मित्रांनी रात्री दंगा केला. पहारेकऱ्यांशी झालेला तंटा मिटत आला असता रॉचेस्टरने पुन्हा तलवार उपसली. त्याला आवरायला कॅप्टन डाउन्स नावाचा सोबती पुढे झाला आणि गोंधळात पहारेकऱ्याचा घाव त्याच्याच डोक्यावर बसला. बाकीचे पळाले, त्यांत रॉचेस्टरही होता. डाउन्स काही दिवसांनी मेला. रॉचेस्टर १६८० मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, वुडस्टॉकच्या त्याच शाही उद्यानातील निवासात मरण पावला. त्याचा पश्चात्ताप बर्नेटने ग्रंथबद्ध केला. डाउन्सच्या वाट्याला इतरांच्या चरित्रांतील चार ओळी आल्या.

सत्तेने दिलेली मोकळीक किती मोठी होती, हे विनोदाच्या धारेवरून मोजण्यात अर्थ नाही. त्या मोकळिकीचे देणे कोणी फेडले, ते पाहावे. रॉचेस्टरच्या कविता आम्ही पुन्हा वाचूच. पण त्याला बंडखोर म्हणण्यापूर्वी कॅप्टन डाउन्सची आठवण काढण्याइतके सौजन्य आपण वाचकांनी दाखवायला हवे.