भाजावळीची आच आवरू या

पावसाळ्याआधी कोकणात भाताच्या रोपांसाठी भाजावळ करतात, हे अंजनवेलच्या मुलांना सांगायला नको. कवळ, पालापाचोळा व शेण पसरून पेटवतात. तणाचे बी जळते, राखेतून पोटॅश मिळते; पण बहुतेक कार्बन व नायट्रोजन हवेत उडून जातो, वरच्या थरातील जिवाणू होरपळतात आणि मुसळधार पावसात राखही वाहून जाते.

तोच काडीकचरा अगदी कमी हवेत भाजला, तर कोळसा उरतो. हाच बायोचार. त्याच्या सूक्ष्म छिद्रांत पाणी टिकते, जिवाणूंना व बुरशीला आसरा मिळतो. तो बहुधा अल्कधर्मी असल्याने जांभ्याच्या आम्ल मातीला मानवतो. ॲमेझॉनच्या खोऱ्यातील कोळसामिश्रित काळी माती शेकडो वर्षांनंतरही सुपीक आहे.

मात्र कोळसा म्हणजे खत नव्हे. कोरा कोळसा मातीतला नायट्रोजन काही काळ स्वतःकडेच धरून ठेवू शकतो; म्हणून तो आधी शेणखतात मुरवावा. त्यासाठी झाडेही तोडू नयेत; भाताचे तूस, नारळाच्या करवंट्या आहेतच.

माझ्या मते भाजावळीला नावे ठेवण्यापेक्षा तिची आच आवरणे शहाणपणाचे. शाळेच्या बागेत दोन वाफे करा. दोन्हींत शेणखत सारखेच, एकात कोळसा अधिक. मग रोपे मोजा आणि तुम्हीच ठरवा.