जुन्या पद्मिनीत भारीतलं ऑईल ओतू नका



जुन्या गाड्यांच्या देखभालीचा धंदा करावा का, यावर व्हिडिओत बोललो, पण ऑईलचा मुद्दा घाईत उरकला. खरं तर हा धंदा तिथेच उभा राहतो, नाहीतर बसतो.

समजा, तुमच्या गॅरेजमध्ये कुणाच्या वडिलांची १९७५ सालची प्रीमियर पद्मिनी आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीचं इंजिन. मालक म्हणतो, "पैशांकडे बघू नका, सगळ्यात भारी ऑईल टाका." तुमच्याकडे ५डब्ल्यू-३० फुल सिंथेटिक आहे, मार्जिनही बरं आहे. हात आपोआप तिकडे जातो. माझं स्पष्ट मत, तो हात मागे घ्या.

ते ऑईल वाईट नाही, या इंजिनाचं नाही एवढंच. पद्मिनीत कॅमशाफ्टचे उंचवटे टॅपेटच्या सपाट तळावर घासत फिरतात. दाब एवढा की ऑईलचा थर फाटला तर धातूवर धातू. तिथे वाचवतं ते झेडडीडीपी, म्हणजे जस्त-फॉस्फरसचं संयुग. पण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो, म्हणून एपीआय एसएन, एसपी दर्जाच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ग्रेडमध्ये तो ८०० पीपीएमच्या वर चालत नाही. आपल्या ७५ च्या पद्मिनीला कन्व्हर्टरच नाही! २०डब्ल्यू-५० ला ही मर्यादा लागू नाही. साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्या, कंपनीच्या डेटा शीटवर फॉस्फरस हजाराच्या वर आहे का बघा. आपल्याकडच्या थंडीत ते चालतं.

पण "जेवढं जाड तेवढं चांगलं" हेही खरं नाही. धूर आणि आवाज दाबायला जाड ऑईल ओतणं ही झाकपाक झाली. इंजिनाचं काम निघालंय, हे तोंडावर सांगा.

आमच्या बॅचमधल्या एकाने अशाच गाडीत पातळ सिंथेटिक टाकलं. तीन महिन्यांत टॅपेटचा आवाज. इंजिन खोललं तर कॅम झिजलेला. आता तो ऑईलमुळे झिजला की आधीपासूनच होता? कुणालाच सांगता आलं नाही. ऑईल टाकण्याआधी त्याने टॅपेट ऐकले नव्हते, बिलावर नुसतं "ऑईल चेंज" लिहिलं होतं. खर्च त्याने स्वतःच्या खिशातून भरला, आणि गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

म्हणून आधी विचारा, यापूर्वी कोणतं ऑईल होतं? वर्षानुवर्षं साधं ऑईल असेल तर आत गाळ बसलेला असतो. नवं ऑईल तो सोडवतं आणि पंपाची जाळी तुंबू शकते. अशा गाडीत पहिलं ऑईल काही शे किलोमीटरवरच काढा. ही दुसरी खेप मालकाला आधीच सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर लुबाडल्यासारखं वाटतं.

आणि पन्नाशी ओलांडलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी केली असेल, तर २०२१ च्या नियमाने ती रोज रस्त्यावर वापरता येत नाही. मालक म्हणणार, "वर्षात तीनशे किलोमीटर चालली, कशाला बदलायचं?" सांगा, उभ्या गाडीच्या ऑईलमध्येही ओल आणि न जळलेलं पेट्रोल साठतं, त्यातून आम्ल होऊन बेअरिंग खातं. किलोमीटर कितीही होवोत, वर्षाला बदल. तुमची दरवर्षीची ठरलेली कमाई इथे आहे, आणि ती सरळ मार्गाची आहे.

बिलावर मात्र ग्रेड, दर्जा, तारीख, मीटरचा आकडा आणि "टाकण्यापूर्वी टॅपेटचा आवाज: आहे/नाही" एवढं लिहा. खाली मालकाची सही घ्या.